प्रत्यक्ष सेवेच्या सर्व्हरवर ‘ऑटोडिप्लॉय’ नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

भर दुपारी एखादी ऑनलाइन सेवा दहा-पंधरा मिनिटे ठप्प होते, मग पूर्ववत सुरू होते आणि खुलासा येतो तो ‘तांत्रिक अडचण’ एवढाच. अशा खोळंब्यामागे कारणे अनेक असतात. पण सेवा जावावर, विशेषतः अपाची टॉमकॅट या सर्व्हरवर चालत असेल, तर त्यातले एक कारण वारंवार आढळते आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. नवी आवृत्ती चालू सर्व्हरच्या फोल्डरात नुसती टाकायची आणि पुढचे सर्व्हर आपोआप करील यावर भिस्त ठेवायची, हे ते कारण. ‘ऑटोडिप्लॉय’ नावाची ही सोय प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर उत्तम आहे. लोक ज्यावर अवलंबून आहेत अशा सर्व्हरवर मात्र ती बंदच असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या वाचकांत असे सर्व्हर सांभाळणारे आणि हे काम शिकणारेही असतील. त्यांच्यासाठी कारणे तपशिलात मांडतो.

आधी यंत्रणा. टॉमकॅटच्या ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ या फाइलमध्ये ‘होस्ट’ नावाचा घटक असतो. त्यातले ‘ऑटोडिप्लॉय’, ‘डिप्लॉयऑनस्टार्टअप’ आणि ‘अनपॅकवॉर्स’ हे तिन्ही पर्याय आपण काहीच लिहिले नाही तरी चालूच असतात. टॉमकॅटचा एक पार्श्वभूमीतला थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा धागा) दर १० सेकंदांनी जागा होतो आणि तीन गोष्टी पाहतो: ‘वेबॲप्स’ फोल्डरातल्या वॉर फाइली (संपूर्ण ॲप्लिकेशन एकत्र बांधलेल्या फाइली), तिथलीच उलगडलेली फोल्डरे आणि ‘कॉन्फ/कॅटलिना/लोकलहोस्ट’ या ठिकाणच्या कॉन्टेक्स्ट फाइली, म्हणजे प्रत्येक ॲप्लिकेशनच्या सेटिंगच्या फाइली. फाइल आहे की नाही आणि तिची शेवटच्या बदलाची वेळ काय, एवढ्यावरच तो निर्णय घेतो. आत काय आहे, ते पूर्ण आहे का, माणसाचे काम संपले आहे का, हे त्याला कळत नाही. पुढचे बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

पहिला घोटाळा अर्धवट फाइलचा. ८०-१०० एमबीची वॉर फाइल नेटवर्कवरून थेट ‘वेबॲप्स’मध्ये कॉपी होत असते आणि त्याच वेळी टॉमकॅटची फेरी येते. वॉर फाइल म्हणजे झिप फाइलच, आणि झिपमधील सर्व नोंदींची सूची फाइलच्या अगदी शेवटी असते. म्हणून ९५ टक्के आलेली फाइलही उघडत नाही. लॉगमध्ये झिप एक्सेप्शन दिसते: जुन्या जावात ‘एरर इन ओपनिंग झिप फाइल’, नव्यात ‘झिप एंड हेडर नॉट फाउंड’. चालू ॲप्लिकेशनची फाइल शेवटच्या एका सेकंदात बदललेली असेल तर टॉमकॅट त्या फेरीपुरती ती सोडून देतो. त्यामुळे सलग, वेगवान कॉपी सहसा निभावते आणि लोकांचा गैरसमज पक्का होतो. जोडणी दोन-तीन सेकंद अडखळली की ही सवलत संपते. जुने ॲप्लिकेशन उतरवलेले असते आणि नवे उघडत नाही.

उपाय सोपा आहे. फाइल आधी त्याच डिस्क विभागावरच्या दुसऱ्या फोल्डरात पूर्ण येऊ द्यावी, चेकसम (फाइल बिनचूक आल्याची खूणसंख्या) जुळवावा आणि मग ‘एमव्ही’ या आज्ञेने योग्य जागी हलवावी. एकाच फाइल सिस्टिममध्ये ‘एमव्ही’ म्हणजे केवळ नाव बदलणे. ते एका दमात होते, अर्धी अवस्था दिसतच नाही. ‘टेम्प’ फोल्डर वेगळ्या विभागावर असेल तर मात्र तीच आज्ञा आतून कॉपी करते आणि फायदा उरत नाही. हा फरक ‘डीएफ’ या आज्ञेने तपासून घ्यावा. उलगडलेल्या फोल्डरातल्या जार फाइली (जावा कोडचे गठ्ठे) चालू सर्व्हरवर थेट बदलणे त्याहून वाईट. जावा ८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत वापरातली जार अशी वरून लिहिली गेली तर ॲप्लिकेशनच काय, संपूर्ण जेव्हीएम (जावा चालवणारी प्रक्रिया) कोसळू शकते.

दुसरा घोटाळा सर्वांत महागात पडतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वॉर फाइल ‘बदलणे’ आणि ‘काढून मग नवी ठेवणे’ या दोन्ही कृती माणसाला सारख्याच वाटतात. टॉमकॅटला त्या सारख्या नाहीत. नव्या फाइलने जुनी झाकली तर टॉमकॅट जुने ॲप्लिकेशन उतरवतो, उलगडलेले फोल्डर पुसतो आणि नव्याने उलगडतो. पण जुनी फाइल आधी पुसली, तेवढ्यात फेरी येऊन गेली आणि मग नवी ठेवली, तर मधल्या फेरीत टॉमकॅटने संपूर्ण अनडिप्लॉय केलेले असते. म्हणजे उलगडलेले फोल्डर जाते, ‘वर्क’मधले फोल्डर जाते आणि त्या ॲप्लिकेशनची कॉन्टेक्स्ट फाइलही जाते. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, मेल सर्व्हरची माहिती अनेक ठिकाणी याच कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेली असते. नवे ॲप्लिकेशन मग सुरू होताना डेटाबेसचे जेएनडीआय नाव (सर्व्हरवरच्या सेटिंगमधले त्याचे नोंदणीनाव) सापडत नाही म्हणून पडते आणि शोध सुरू होतो प्रोग्राममधल्या चुकीचा, जी तिथे नसतेच.

म्हणून कॉन्टेक्स्ट फाइलची प्रत व्हर्जन कंट्रोलमध्ये असलीच पाहिजे. पासवर्डची जागा तिथे अर्थातच मोकळी ठेवून. त्याहून पक्की रीत अशी: डेटाबेसची व्याख्या ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मधल्या ‘ग्लोबलनेमिंगरिसोर्सेस’ भागात करावी आणि वॉर फाइलच्या आतल्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये फक्त ‘रिसोर्सलिंक’ (त्या व्याख्येकडे बोट दाखवणारी नोंद) ठेवावी. मग ॲप्लिकेशन कितीदाही उतरले-चढले तरी सर्व्हरची खासगी माहिती जागेवर राहते.

याच पुसण्यात आणखी एक गोष्ट जाते, आणि ती परत मिळवणे फार अवघड: वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइली. अपलोड साठवायला ॲप्लिकेशनच्याच फोल्डरात ‘अपलोड्स’ नावाचे उपफोल्डर करणारा कोड अजून सर्रास लिहिला जातो. पहिल्याच नव्या आवृत्तीला ते फोल्डर आतल्या कागदपत्रांसह नष्ट होते. त्यात सर्व्हरचा दोष नाही. उलगडलेले फोल्डर ही वॉर फाइलची केवळ तात्पुरती प्रत आहे, असेच टॉमकॅट मानतो. अपलोडची जागा ‘वेबॲप्स’च्या पूर्ण बाहेर असावी; ती वेब पत्त्यावर दाखवायची असेल तर कॉन्टेक्स्टमध्ये ‘पोस्टरिसोर्सेस’ वापरून जोडता येते.

वापरकर्त्यांची सेशनेही (लॉगइनची चालू सत्रे) याच वेळी तुटतात. नुसत्या ‘रीलोड’मध्ये टॉमकॅट सेशने जपण्याची व्यवस्था करू शकतो आणि तेवढ्या वेळात येणाऱ्या विनंत्या थांबवून धरतो. अनडिप्लॉय आणि पुन्हा डिप्लॉय या मार्गात यातले काही नाही. सेशने टाकून दिली जातात आणि मधल्या काळात येणाऱ्या विनंतीला ४०४ उत्तर मिळते. सेवा तात्पुरती बंद असल्याचे ५०३ मिळत नाही, पत्ताच अस्तित्वात नाही असे समोरच्याला कळवले जाते. मोबाइल ॲप किंवा दुसरी प्रणाली त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढू शकते. ज्या विनंत्या आत चालूच असतात, त्यांना पूर्ण होण्यासाठी ‘अनलोडडिले’नुसार मूळचे २,००० मिलिसेकंद मिळतात. दोन सेकंदांत न संपणारा अहवाल किंवा पैशाचा व्यवहार मध्येच तुटू शकतो. वेळ माणसाने निवडली असती तर आधी लोड बॅलन्सरवरून (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेवरून) हा सर्व्हर बाजूला काढला असता. फेरी ठरवते तेव्हा तशी संधी नसते.

एकच ॲप्लिकेशन दोनदा चढण्याचा प्रकारही नेहमीचा. ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मध्ये कॉन्टेक्स्ट हाताने लिहिला असेल, त्यातला ‘डॉकबेस’ (ॲप्लिकेशन कोठे आहे ते सांगणारा पर्याय) ‘वेबॲप्स’च्या आतल्याच फोल्डराकडे बोट दाखवत असेल आणि ऑटोडिप्लॉयही चालू असेल, तर तेच ॲप्लिकेशन दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर उभे राहते. पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही. पण ठरावीक वेळी चालणारी कामे दोनदा चालतात, एकाच व्यक्तीला दोन ई-मेल जातात, रात्रीची आकडेमोड दुप्पट नोंदी करते. नियम एकच: ‘डॉकबेस’ नेहमी ‘वेबॲप्स’च्या बाहेर. ते शक्यच नसेल तर ‘डिप्लॉयइग्नोर’मध्ये रेग्युलर एक्सप्रेशन देऊन ते नाव वगळावे.

आता मेमरी. सर्व्हर न थांबवता नवी आवृत्ती चढवता येते, हाच ऑटोडिप्लॉयचा मुख्य आकर्षणबिंदू आहे आणि नेमके तिथेच त्याचे मोठे दुखणे आहे. प्रत्येक ॲप्लिकेशनला टॉमकॅट स्वतंत्र क्लासलोडर (कोड मेमरीत आणणारा घटक) देतो. ॲप्लिकेशन उतरवले की तो क्लासलोडर आणि त्याने आणलेले सगळे क्लास मेमरीतून मोकळे व्हायला हवेत. बाहेरून त्यांच्याकडे एकही संदर्भ उरला नाही तरच ते मोकळे होतात. ॲप्लिकेशनने सुरू केलेला पण न थांबवलेला एक थ्रेड, ‘ड्रायव्हरमॅनेजर’कडे नोंदलेला एक जेडीबीसी (डेटाबेसशी जोडणारा) ड्रायव्हर, थ्रेडपूलमधल्या थ्रेडवर राहिलेले एक ‘थ्रेडलोकल’ मूल्य, यांपैकी काहीही एक पुरते. संपूर्ण जुनी आवृत्ती मेमरीत अडकून राहते.

जावा ७ पर्यंत याचा शेवट ‘आउट ऑफ मेमरी एरर: पर्मजेन स्पेस’ या ओळखीच्या संदेशाने व्हायचा. जावा ८ पासून पर्मजेन (क्लासची माहिती ठेवण्याची मेमरीतली जागा) गेले आणि मेटास्पेस आले. त्याला मुळात वरची मर्यादाच नाही. म्हणून आज गळती असेल तर ती हळूहळू यंत्राचीच मेमरी खात जाते आणि लिनक्सवर एके दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमच प्रक्रिया मारून टाकते. जावाच्या लॉगमध्ये काहीही मागे राहत नाही. पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये शोधावा लागतो. ‘मॅक्समेटास्पेससाइझ’ची मर्यादा घातली तर निदान दुखणे कोठे आहे ते लॉगमध्ये स्पष्ट उमटते. ती जरूर घालावी.

टॉमकॅट याबाबत मदत बरीच करतो. ॲप्लिकेशन उतरताना ‘या वेब ॲप्लिकेशनने अमुक नावाचा थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, यामुळे मेमरी गळती होण्याची दाट शक्यता आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ ‘कॅटलिना डॉट आउट’मध्ये थ्रेडच्या नावासह येते. या ओळीकडे दुर्लक्ष करण्याची सवय घातक आहे. ‘सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर’मधील ‘कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइड’ या मेथडमध्ये आपण उघडलेले सर्व बंद करावे: एक्झिक्युटर सर्व्हिस, शेड्युलर, कॅश, स्वतः बनवलेला कनेक्शन पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा). मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरचा सफाई करणारा थ्रेड वेगळा असतो, तोही त्याच्या ‘चेक्डशटडाउन’ मेथडने थांबवावा. डेटाबेसचे ड्रायव्हर वॉर फाइलमध्ये न ठेवता टॉमकॅटच्या स्वतःच्या ‘लिब’ फोल्डरात ठेवले तर हा प्रश्न पुष्कळ हलका होतो. टॉमकॅटच्या मॅनेजर ॲप्लिकेशनमध्ये गळती शोधण्याची आज्ञा आहे. मात्र ती पूर्ण गार्बेज कलेक्शन (मेमरीची सफाई) घडवते, म्हणून गर्दीच्या वेळी ती देऊ नये.

कनेक्शन पूल बंद न करण्याचा फटका तर मेमरीच्याही आधी बसतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा १०० आहे. ॲप्लिकेशनचा पूल ४० जोडण्या धरून ठेवत असेल आणि उतरताना सोडत नसेल, तर सर्व्हर न थांबवता दोनदा नवी आवृत्ती चढवली की मागणी १२० वर जाते. दुसऱ्या फेरीलाच डेटाबेस नवी जोडणी नाकारतो.

विंडोजवर आणखी एक अडचण येते: उघडी जार फाइल पुसता येत नाही. टॉमकॅट फोल्डर पुसायला जातो, निम्मे पुसले जाते, दोन-चार जार उरतात आणि नवी आवृत्ती जुन्या जारसोबत अर्धवट उभी राहते. यावर ‘अँटिरिसोर्सलॉकिंग’ हा पर्याय आहे. तो सर्व फाइली ‘टेम्प’मध्ये कॉपी करून तिथून चालवतो, त्यामुळे सुरुवात मंदावते आणि जेएसपी (वेब पानांच्या) फाइलींचे बदल चालू सर्व्हरवर दिसत नाहीत. ‘वेबॲप्स’च्या बाहेर ठेवलेल्या ॲप्लिकेशनला हा पर्याय लावला तर टॉमकॅट थांबताना ते ॲप्लिकेशनच पुसले जाईल, असा इशारा टॉमकॅटच्या दस्तऐवजात दिलेला आहे. वर ‘डॉकबेस’ बाहेर ठेवण्याचा सल्ला आम्ही दिला आहे, तेव्हा हे दोन्ही एकत्र करू नये. विंडोजवर सर्व्हर थांबवून फोल्डर पुसणे हाच विश्वासाचा मार्ग.

कित्येकदा ॲप्लिकेशन चढतच नाही आणि कारणही सापडत नाही. ‘वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट’ एवढेच ‘कॅटलिना’च्या लॉगमध्ये असते. खरे कारण ‘लोकलहोस्ट’ने सुरू होणाऱ्या, तारखेच्या नावाच्या दुसऱ्या लॉगमध्ये असते. तो उघडल्याशिवाय तर्क लढवू नयेत. फाइल वेगळ्या वापरकर्त्याने कॉपी केली आणि टॉमकॅटच्या वापरकर्त्याला ती वाचण्याची परवानगी नाही, हेही साधे कारण बऱ्याचदा निघते.

टॉमकॅट १० वर गेलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. तिथे ‘जावाएक्स’ने सुरू होणारी सर्व्हलेटची (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा कोडची) पॅकेजेस ‘जकार्ता’ या नावाखाली गेली आहेत. जुनी वॉर फाइल ‘वेबॲप्स’मध्ये ठेवली तर ती कधीकधी बिनतक्रार चढते, पण जुन्या ॲनोटेशन (कोडमधल्या खुणा) ओळखल्याच जात नाहीत आणि प्रत्येक पत्ता ४०४ देतो. अशा फाइलसाठी ‘वेबॲप्स-जावाईई’ असे स्वतंत्र फोल्डर आहे; तिथे ठेवलेली फाइल टॉमकॅट रूपांतरित करून ‘वेबॲप्स’मध्ये आणतो.

मग करावे काय? ‘होस्ट’मध्ये ‘ऑटोडिप्लॉय’ला ‘फॉल्स’ करावे. ‘डिप्लॉयऑनस्टार्टअप’ चालू राहू द्यावे, म्हणजे सर्व्हर सुरू होताना फोल्डरातली ॲप्लिकेशने चढतील. मध्ये मात्र कोणी काही टाकले तरी काही घडणार नाही. कॉन्टेक्स्टमधला ‘रीलोडेबल’ हा पर्याय यापासून वेगळा आहे. तो ‘ट्रू’ असेल तर ऑटोडिप्लॉय बंद असूनही क्लास आणि जार फाइली बदलताच ॲप्लिकेशन पुन्हा सुरू होते. तो मुळात बंद असतो, पण प्रोग्रामरच्या संगणकावरून आलेल्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये तो चालू असण्याची शक्यता मोठी.

नवी आवृत्ती चढवताना आमची पसंती सरळ क्रमाला आहे: लोड बॅलन्सरवरून सर्व्हर बाजूला काढणे, टॉमकॅट थांबवणे, प्रक्रिया खरोखर संपल्याची खात्री करणे, उलगडलेले फोल्डर व ‘वर्क’मधले त्याचे फोल्डर पुसणे, नवी वॉर ठेवणे, सुरू करणे, आरोग्य तपासणीचा पत्ता २०० देतो हे पाहणे आणि मगच सर्व्हर परत जोडणे. टॉमकॅट ८ पासून उलगडलेल्या फोल्डरात ‘वॉर-ट्रॅकर’ नावाची खूण असते, त्यामुळे थांबलेल्या काळात बदललेली वॉर ओळखली जाते. त्याआधीच्या आवृत्त्यांत फोल्डर हाताने पुसले नाही तर जुनाच कोड चालत राहतो. नव्या टॉमकॅटवर असाल तरी पुसण्याची सवय सोडू नये.

सर्व्हर थांबवणे शक्यच नसेल तर मॅनेजरचा टेक्स्ट इंटरफेस वापरावा. ऑटोडिप्लॉय बंद असतानाही तो चालतो. त्यासाठी ‘मॅनेजर-स्क्रिप्ट’ ही भूमिका असलेला स्वतंत्र वापरकर्ता करावा. इथे स्क्रिप्ट लिहिणारे हमखास फसतात. डिप्लॉयमेंट अपयशी झाले तरी हा इंटरफेस एचटीटीपीचा २०० कोडच देतो. अपयश फक्त उत्तराच्या मजकुरात ‘फेल’ या शब्दाने कळते. स्क्रिप्टने उत्तर ‘ओके’ने सुरू होते का, हे तपासले पाहिजे. मॅनेजरच्या वेब पानावरून फाइल चढवायची तर मूळ मर्यादा ५० एमबीची आहे.

दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी चालवण्याची पॅरलल डिप्लॉयमेंटची सोय टॉमकॅट ७ पासून आहे. फाइलच्या नावात दोन हॅश चिन्हे आणि पुढे आवृत्ती लिहायची. जुनी सेशने जुन्या आवृत्तीवर राहतात, नवी माणसे नव्यावर जातात. सोय चांगली आहे, पण आवृत्तीची तुलना अक्षरांप्रमाणे होते, म्हणून ‘९’ ही ‘१०’पेक्षा मोठी ठरते. ‘००९’, ‘०१०’ असे शून्य जोडून लिहावे. दोन्ही आवृत्त्यांचे कनेक्शन पूल आणि वेळेची कामे एकाच वेळी जिवंत असतात, त्याचा हिशेब आधी करावा. वापर संपलेली आवृत्ती आपोआप उतरवणारा ‘अनडिप्लॉयओल्डव्हर्जन्स’ हा पर्याय ऑटोडिप्लॉय चालू असेल तरच काम करतो. ते बंद असेल तर जुनी आवृत्ती मॅनेजरमधून हाताने उतरवावी.

सुरक्षेचा मुद्दाही आहे. ‘वेबॲप्स’मध्ये लिहिण्याची वाट घुसखोराला सापडली, तर ऑटोडिप्लॉय चालू असलेल्या सर्व्हरवर त्याची वॉर फाइल दहा सेकंदांत कार्यरत होते. टॉमकॅटच्या सुरक्षाविषयक दस्तऐवजातही ही जोखीम नोंदवलेली आहे. ‘ऑटोडिप्लॉय’ आणि ‘डिप्लॉयऑनस्टार्टअप’ हे दोन्ही पर्याय बंद केले तर फक्त ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मध्ये लिहिलेली ॲप्लिकेशनेच चढतात.

वाइल्डफ्लाय या दुसऱ्या जावा सर्व्हरमध्ये हीच सोय थोड्या अधिक विचाराने केलेली आहे. तिथे फेरी मूळची ५ सेकंदांची, पण उलगडलेले फोल्डर ‘डॉट डूडिप्लॉय’ अशी खूणफाइल ठेवल्याशिवाय उचलले जात नाही, आणि निकाल ‘डॉट डिप्लॉइड’ किंवा ‘डॉट फेल्ड’ या फाइलीतून कळतो. तरी तिथेही प्रत्यक्ष सेवेसाठी स्कॅनरऐवजी कमांड लाइनवरून चढवण्याचीच शिफारस आहे.

बदल लागू झाला का, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. चाचणीच्या सर्व्हरवर ऑटोडिप्लॉय बंद करून टॉमकॅट पुन्हा सुरू करावा, चढलेल्या एखाद्या वॉर फाइलवर ‘टच’ ही (बदलाची वेळ ताजी करणारी) आज्ञा चालवावी आणि अर्धा मिनिट लॉग पाहावा. त्यात अनडिप्लॉयची ओळ आली नाही, तर प्रत्यक्ष सेवेच्या सर्व्हरवर तोच बदल करण्यास हरकत नाही.

आपले विश्वासू,
जावा सर्व्हर सांभाळणारे काही वाचक